कोणासंगं वाजवलंय?

लोहा, अहमदपूर, चाकूर या पट्ट्यात नवा पेटीवाला दिसला की त्याला ‘कुठं शिकलात?’ असं कुणी विचारत नाही. ‘कोणासंगं वाजवलंय?’ असं विचारतात. उत्तरात दोन-तीन बुवांची, एखाद्या गायन पार्टीची नावं निघाली की चहा येतो आणि बोलणी सुरू होतात. नावं निघाली नाहीत तरी चहा येतोच, पण बोलणी उद्यावर जातात. मी आयुष्यभर या दुसऱ्या प्रश्नावर पोट भरलंय. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. ना प्रवेशिका, ना मध्यमा, ना कुणाचा गंडा.

घर लोह्याकडचं, कामं नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत. सोयाबीनची रास होऊन आडतीवरचे पैसे हातात आले की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाच्या तारखा धरतात. मार्गशीर्ष सरता सरता माळेगावला खंडोबाची यात्रा. एका अंगाला घोड्यांचा बाजार, दुसऱ्या अंगाला तमाशाचे फड आणि लावणी महोत्सवाचा मांडव. तिकडं घोड्याचे दात बघतात, इकडं आमची बोटं. मग लग्नसराई. चौदा एप्रिलपासून भीमजयंती. ती एका दिवसात आटपत नाही, कारण एवढ्या गावांना एकाच रात्री पुरतील एवढ्या पार्ट्याच नाहीत. म्हणून गावं तारखा मागंपुढं करतात आणि जयंत्या मे सरेपर्यंत चालतात. पावसाळ्यात एकीकडं दिंड्या-भजनं, दुसरीकडं वर्षावासाचे कार्यक्रम. पुढं गणपती, आणि नवरात्रात माहूरच्या वाटेवरची जागरणं. माणूस तोच, पेटी तीच. सोमवारी हरिपाठ, शुक्रवारी कव्वालीचा मुकाबला. शहरातल्या माणसाला याचं नवल वाटतं. आमच्याकडं ज्याची सुपारी त्याची पेटी.

पेटीआधी हातात टाळ आला. आमच्या भागात जवळजवळ सगळ्यांचं असंच असतं. पोरगं काकड्याला येऊन बसायला लागलं की त्याच्या हातात टाळ देतात आणि मागच्या रांगेत उभं करतात. कुणी मात्रा मोजायला सांगत नाही. चुकीच्या जागी टाळ पडला की पुढचा म्हातारा मागं न बघता मान हलवतो, एवढाच धडा. महिना-दोन महिन्यांत हात बसतो आणि पाय पावलीत पडतो. माझं दुसरं काम मृदंगासाठी घरून कणीक आणायचं. मृदंगाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक लावतात. ती कमी-जास्त झाली की आवाज बदलतो, वाळली की पुन्हा पाण्याचा हात लावावा लागतो. मृदंगवाले काका कणकेचा गोळा थापून एक थाप मारायचे, ऐकायचे, बोटभर कणीक काढायचे, पुन्हा थाप. ‘आता बसलं’ असं म्हणायचे तेव्हा काय बसलं हे मला कळायचं नाही. वर्षा-दोन वर्षांनी त्यांनी म्हणायच्या आधीच मला कळायला लागलं. कसं, ते आजही सांगता यायचं नाही.

पेटी मंडळाची. चावी अध्यक्षांकडं, पेटी देवळातल्या कपाटात. मला ती वाजवायला नव्हे, दुरुस्तीला पहिल्यांदा हातात मिळाली आणि माझ्या मते माझं खरं शिक्षण तिथंच झालं. श्रावणात लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर यायचं नाव घेत नाही. उंदरं भाता कुरतडतात. पितळी सुरात धूळ अडकली की तो मुका होतो किंवा घरघरतो. सप्ताह तोंडावर आला आणि पेटी नांदेडला किंवा लातूरला न्यायला कुणाला सवड नसली की गावातच काहीतरी करावं लागायचं. वरची फळी काढायची, मुका सूर शोधायचा, त्याच्या जिभेखालून पातळ कागद अलगद फिरवायचा. पाचातले चार सूर एवढ्यावर बोलायला लागतात.

पाचवा मात्र बोलतो, पण बेसूर बोलतो. पेटीत एका पट्टीला दोन सूर असतात, एक खर्जाचा आणि एक नर. दोन्ही जुळलेले असतील तर एकच आवाज येतो. जरा फरक असला की आवाजात लाट येते, वाँव-वाँव-वाँव. फरक जास्त असेल तर लाट जलद, कमी असेल तर संथ. सुराची जीभ टोकाकडं अगदी हलकी घासली तर सूर चढतो, बुडाकडं घासली तर उतरतो. एक-दोनदा घासायचं, सूर परत बसवायचा, भाता मारायचा, लाट ऐकायची. लाट संथ झाली म्हणजे वाट बरोबर, जलद झाली म्हणजे उलटीकडं गेलो. शेवटी लाट थांबते. ती थांबल्यावर जे ऐकू येतं त्याला सूर म्हणतात, हे मला देवळाच्या ओसरीवर, कानशीच्या तुकड्यानं कळलं. पुढं कुणी गाताना कणभर उतरला की मला ती लाटच ऐकू यायची. नंतर कळलं की क्लासमध्ये बसलेल्यांना हेच शिकायला वर्षं लागतात. जास्त घासलं की जीभ तुटते आणि मग दुसरा सूर मिळेपर्यंत ती पट्टी मुकीच राहते. त्या भीतीनं कान जेवढा टवकारतो तेवढा कुणाच्या सांगण्यानं टवकारत नाही.

वाजवायचं शिकलो ते कॅसेटवर. घरी टेपरेकॉर्डर होता, गावात भारनियमन होतं. वीज नसली की टेप सेलवर. सेल नवे असतील तर गाणं मूळ पट्टीत. सेल उतरायला लागले की टेपची गती मंदावते आणि गाण्याचा सूरही खाली घसरतो. काल काळी दोनमध्ये बसवलेलं गाणं आज पांढरी दोनमध्ये सापडायचं. कधी तर दोन पट्ट्यांच्या मधेच, जिथं पेटीला जागाच नाही. नवे सेल घ्यायला पैसे नसायचे, म्हणून गाणं पुन्हा नव्या पट्टीत बसवायचं. एकच चाल वेगवेगळ्या पट्टीत वाजवायला लागणं म्हणजे बोटांना दरवेळी नवा रस्ता. काळी दोनमध्ये जिथं अंगठा जाणार तिथं पांढरी दोनमध्ये भलतंच बोट येतं. बापाला वाटायचं पोरगं तेच ते गाणं वाजवून सेल संपवतंय. पुढं याच कामानं पोट भरेल हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

कारण गायन पार्टीत गायक पट्टी सांगत नाही. तो माईक हातात घेतो, दोन शब्द बोलतो, आणि बोलता बोलताच आलाप घेतो. पहिली ओळ संपायच्या आत पेटीनं त्याला गाठायचं असतं. आम्ही काय करतो, तर भाता जेमतेम उघडा ठेवून करंगळीनं एक पट्टी दाबून बघतो. आवाज आपल्यापुरताच यावा, माईकपर्यंत जाऊ नये. जुळलं की भाता सोडायचा. लोकांना वाटतं, पेटी आणि गळा एकदमच सुरू झाले. रात्री दहाला गायक काळी दोनमध्ये असतो. समोरून बक्षिसं यायला लागली, निवेदक नावं पुकारायला लागला, की तो अर्धा सूर वर सरकतो आणि त्याला ते कळतही नाही. पहाटे चारला गळा बसतो, तो पांढरी दोनवर येतो. या सगळ्या प्रवासात ‘मास्तर, खाली घ्या’ असं कुणी म्हणत नाही. गाणं थांबवून पट्टी बदलायची सोय नसते, कारण समोर सामन्याची दुसरी पार्टी बसलेली असते आणि ढोलक थांबलं की त्यांचा जोर होतो. कडवं संपून कोरस उचलतो त्या फटीत, टाळ्या आणि ढोलकाच्या आवाजात, पेटीनं गुपचूप घर बदलायचं.

गायकांच्या वहीत शब्द असतात, स्वर नसतात. वरच्या कोपऱ्यात ‘चाल’ लिहिलेलं असतं आणि पुढं कुठल्यातरी पिक्चरच्या गाण्याचं नाव. तेच आमचं नोटेशन. ते गाणं ठाऊक नसेल तर बाजूचा बेंजोवाला कानात गुणगुणतो. कुठल्याही पार्टीची वही उघडली तरी वामनदादा कर्डकांची गाणी निघणारच. वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, १९२२ सालचे. त्यांना अक्षरं आली ती मोठेपणी, मुंबईत. २००४ मध्ये ते गेले, पण त्यांची गाणी वही-वहीतून उतरत राहिली, आणि दर उतरवण्याला चाल थोडी हलली. लातूरकडची पार्टी जे गाणं एका चालीत म्हणते तेच नांदेडची पार्टी दुसऱ्या वळणानं म्हणते. दोघंही शपथ घेऊन सांगतात की आमचीच मूळ. पेटीवाल्यानं या भांडणात पडू नये. दोन्ही वाजवता याव्यात.

नांदेडला कामाला गेलो की मुक्काम गुरुद्वाऱ्याच्या आसपास असायचा, कारण लंगरमध्ये जेवणाची सोय व्हायची आणि पहाटे कीर्तन ऐकायला मिळायचं. आसा दी वार सुरू असली की मी बाजूला बसून कीर्तन म्हणणाऱ्या रागींची बोटं बघायचो. ऐकण्याआधी बघण्याची सवय मला आधीपासून. दोन-चार पहाटा बघितल्यावर लक्षात आलं की हा माणूस वर जाताना दोन सूर सोडतो आणि खाली येताना तेच घेतो. पांढरी एकमध्ये धरलं तर चढताना तिसरी आणि सातवी पांढरी पट्टी कोरडी राहते, उतरताना दोन्हींवर बोट पडतं. मी ते तसंच बोटांत भरून आणलं आणि एका अभंगाला लावून बघितलं. बुवा म्हणाले, ‘ह्ये कुठनं आणलास?’ चढताना गंधार आणि निषाद वर्ज्य असलेला राग आसा, असं त्याचं नाव मला फार नंतर कळलं. नाव कळल्यानं वाजवण्यात काही फरक पडला नाही.

गुरुग्रंथसाहिबात एकतीस मुख्य राग आहेत आणि नामदेव महाराजांची एकसष्ट पदं आहेत. नामदेवांचं नरसी हिंगोली जिल्ह्यात, आमच्यापासून काही लांब नाही. आमच्या देवळात नामदेवांचा अभंग सुरू झाला की कोण कुठल्या चालीत उचलेल याचा नेम नाही. ज्याचा आवाज मोठा त्याची चाल. तिथं गुरुद्वाऱ्यात त्याच नामदेवांच्या प्रत्येक पदावर रागाचं नाव लिहिलेलं. एकाच संताची दोन घरं बघून मला वाटायचं की शिस्त आणि मोकळीक यांचं काही वैर नाही, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नाही. औशाच्या नाथ संस्थानातलं चक्रीभजन ऐकलं तेव्हा तर ही समजूत आणखी पक्की झाली. तिथं भजनाची रीत परंपरेनं ठरलेली आहे, कुणी इकडचं तिकडं करत नाही, आणि तरी ती शिकायला शाळा नाही. बसायचं आणि म्हणायचं.

न शिकण्याचे तोटे नाहीत असं नाही, आणि ते मला लातूरच्या एका विशारद झालेल्या पोराकडून कळले. तो आमच्या पार्टीत काही हंगाम कीबोर्डला होता. सुरुवातीला त्याची फार धावपळ व्हायची; गायक सरकला की हा मूळ पट्टीतच उभा राहायचा आणि मान वर करून बघायचा. ते त्याला महिन्याभरात जमलं. मला त्याचं जमायला उशीर लागला. एकदा गाडीत तो सहज म्हणाला, ‘मास्तर, काल तुम्ही वाजवलेली ती तीन गाणी भीमपलासातली होती.’ मी म्हणालो, तिन्ही वेगळी आहेत. तो म्हणाला, वेगळी आहेत पण घर एक आहे. त्यानं मांडीवर बोटं फिरवून दाखवलं. तेव्हा मला कळलं की मी शेकडो गाणी एकेक सुटी करून डोक्यात वाहत होतो आणि या पोरानं तीच दहा-बारा खणांत लावून ठेवली होती. मला नवीन गाणं बसवायला रात्र लागायची, त्याला जेवायला थांबलो तेवढा वेळ. रागाचं नाव माहीत असणं म्हणजे मोठेपणा असं मला वाटायचं, म्हणून मी त्या नावांपासून लांब राहिलो होतो. नावांचा खरा उपयोग श्रम वाचवण्याचा आहे, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. क्लासवाल्यांनीही हे पोरांना सांगावं. ती बिचारी नावं पाठ करतात आणि वापरत नाहीत.

त्याच पोरानं मला आणखी एक गोष्ट सांगितली, तिचं मला हसू आलं. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. कारण असं दिलं जायचं की पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यांच्यावर मींड निघत नाही, आपल्या गाण्याच्या श्रुती त्यात बसत नाहीत. म्हणणं खोटं नाही. पण त्या एकतीस वर्षांत आमच्याकडच्या देवळांत, फडांत, जलशांत पेटी वाजतच होती आणि बंदी आहे हे कुणाला ठाऊकही नव्हतं. मींड पेटीत निघत नाही, ती गळ्यात निघते. पेटीनं त्या वेळी जरा गप्प बसायचं असतं. चांगला साथीदार कुठं वाजवतो यापेक्षा कुठं वाजवत नाही यावर ओळखतात, आणि हे मला एका कव्वालानं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, आलाप घेताना त्यानं माझ्या भात्यावर हात ठेवला.

आता माझ्याकडं दोन-चार पोरं येऊन बसतात. येतात तेव्हा त्यांना वाजवता येत असतं. यूट्यूबवर बघून सफाईदार वाजवतात, माझ्यापेक्षा जलद. पण मोबाइलचे सेल उतरले तर तो बंद पडतो, सूर काही खाली घसरत नाही. त्यामुळं ही पोरं एका पट्टीत घट्ट. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण आहे, त्यामुळं दुसऱ्या पट्टीत जायची गरजही पडत नाही. गायकाचा सूर बघायचा, बटण दाबायचं, बोटं तिथंच. माझा त्या बटणावर राग नाही, मीही दाबतो. पण बटण गाण्याच्या आधी दाबायचं असतं, आणि गायक सरकतो गाण्याच्या मधे. म्हणून मी पोरांना काही दिवस साधी पेटी देतो आणि एका थकलेल्या बुवांपुढं बसवतो. त्यांचा गळा एका अभंगात दोनदा जागा बदलतो. पोरं वैतागतात. बुवाही वैतागतात, म्हणतात, ‘ह्यांना काय माझ्या गळ्यावर शिकवलालास व्हय?’ होय, दुसरं काय.

पैशाचं मात्र या शिकण्यात काही ठरलेलं नाही. विशारद झालेला पोरगा पुढं एका शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागला. त्याची आवक ठरली, आमची हंगामावर. पाऊस झाला नाही की सप्ताह छोटा होतो, बिदागी अर्ध्यावर येते. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी माझ्यासारख्यांनी पेट्या बांधून ठेवल्या आणि कुणी पुण्याला रिक्षा धरली, कुणी औरंगाबादला वॉचमन झाला. कागदावर आम्ही कलाकार नव्हतोच, तेव्हा कलाकार म्हणून काही मागायचीही सोय नव्हती.

मृदंगवाले काका आता ऐंशीच्या आसपास आहेत. सरकारची ज्येष्ठ कलाकारांसाठी मानधन योजना आहे, तिचं मानधन आता महिन्याला ५,००० रुपये झालंय. तिचा अर्ज भरायला काका माझ्याकडं आले. कलाक्षेत्रात इतकी वर्षं काम केल्याचा पुरावा जोडायचा असतो. काकांकडं प्रमाणपत्र एकही नाही. गावानं कधी शाल-श्रीफळ दिलं असेल, त्याचा फोटो कोण काढतो? मी म्हणालो, काका, सप्ताहाच्या पत्रिका आहेत का. त्या मात्र होत्या, धान्याच्या कणगीमागं एका पिशवीत, पिवळ्या पडलेल्या, काहींवर तेलाचे डाग. सप्ताहाच्या पत्रिकेत कीर्तनकारांची नावं मोठ्या टाइपात, खाली काकडा, हरिपाठ, गायक, चोपदार, विणेकरी आणि मृदंगाचार्य. काकांचं नाव प्रत्येकीवर, ‘मृदंगाचार्य’ या शब्दापुढं. ते बघून काका म्हणाले, ‘आचार्य कुठं, तिसरीतनं शाळा सोडली म्या.’

अडचण वेगळीच निघाली. जुन्या पत्रिकांवर तिथी आणि शके आहे, इंग्रजी तारीख नाही. अर्ज घेणाऱ्या माणसानं विचारलं, हे कुठलं वर्ष? मग आम्ही ओसरीवर बसून शकात अठ्ठ्याहत्तर मिळवत गेलो. शके १९१५ म्हणजे १९९३. शके १९२१ म्हणजे १९९९. पौष-माघातले सप्ताह असले तर अठ्ठ्याहत्तरवर भागत नाही, एकोणऐंशी मिळवावे लागतात, त्यावरून काकांचं आणि माझं थोडं वाजलं. प्रत्येक पत्रिकेच्या झेरॉक्सवर कोपऱ्यात पेनानं साल लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, सरपंचाचा शिक्का घेतला. तीन पत्रिका फाटून नावाचा अर्धाच भाग उरला होता. त्या कुठल्या गावच्या ते काकांना आठवलं, पण त्या गावात आता कुणाला विचारायचं ते ठरलं नाही. पुढच्या आठवड्यात अहमदपूरकडं सप्ताह आहे, तिथं त्या गावचे टाळकरी येतील. तोवर अर्ज माझ्याकडंच आहे.